कपाळावरच्या आठीसकट

विद्या, त्यांनी तुझे दात बदलले गं.

दहाव्याला तुमच्या मुलुंडच्या घरी आले तेव्हा पहिल्यांदा बघितलं. हॉलमध्ये टीव्हीशेजारच्या भिंतीवर तुझा फोटो, त्याला चंदनाचा हार, खाली स्टुलावर समई. फोटोत तू हसत होतीस. म्हणजे तू नव्हतीस, कुणीतरी बाई हसत होती. तिच्या अंगावर तू जन्मात नेसली नसतीस अशी मोतिया रंगाची साडी होती आणि तिचे दात एका ओळीत, पांढरेशुभ्र होते. तुझा डावीकडचा सुळा शेजारच्या दातावर चढलेला, तो गायब. आणि कपाळावरची आठी, जी मी कॉलेजच्या पहिल्या दिवसापासून ओळखते, ती इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. तुझ्या संजयदादाला विचारलं, हा कुठला फोटो? तो म्हणाला, घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. एकात डोळे बारीक केलेले, एकात तोंड वाकडं. मग आधार कार्डावरचा फोटोवाल्याकडे नेला आणि त्याने तो कॉम्प्युटरवर छान करून दिला. वहिनी म्हणाल्या, किती प्रसन्न वाटतेय ना आता.

मी काही बोलले नाही. तुला खरं वाटणार नाही, पण नाही बोलले. दिवस बोलायचे नव्हते. तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, सगळे आपापल्या कामाला लागले. आता बोलते.

तू कशी गेलीस, किती वाजता गेलीस, शेवटी कोण होतं, ते मी इथे लिहिणार नाही. ते एव्हाना सगळ्यांना पाठ झालंय आणि जो भेटतो तो मला पुन्हा ऐकवतो. मला आपलं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचंय. पंपवालीचं परीक्षण.

नवीन वाचकांसाठी सांगावं लागेल, तू कपाळाला हात लावशील तरी. आम्ही दोघी पन्नाशीच्या बायका. प्लास्टिकच्या विटांचे संच आणून जोडायचे आणि त्यांची परीक्षणं आमच्या ब्लॉगवर मराठीत लिहायची, हा आमचा कित्येक वर्षांचा शनिवारचा उद्योग. लोक हसले, घरचे हसले, माझ्या नवऱ्याने आमच्या डायनिंग टेबलाला बालवाडी असं नाव ठेवलं. विद्या साकीनाक्याच्या एका प्लास्टिकच्या युनिटमध्ये माल तपासायची. औषधाच्या बाटल्यांची झाकणं. तिथून सुटली की चालत माझ्याकडे मरोळला. माझ्या मिसळणाच्या डब्यातून मोहरी-जिरं काढून त्यात बारीक तुकडे रंगाप्रमाणे भरायची पद्धत तिचीच. एकीने पुस्तिका वाचून तुकडे हातात द्यायचे, दुसरीने जोडायचं. देणारीला आम्ही वाढपी म्हणायचो. वाढपीने मध्ये बोलायचं नाही, हा नियम मी पाळायचे आणि ही मोडायची.

आणखीही नियम होते. संच कंपनीने जसा पाठवला तसाच जोडायचा. आपल्या पदरचा एकही तुकडा घालायचा नाही, आवडला नाही म्हणून काढायचा नाही. शेवटी दोघींनी पाचपैकी गुण द्यायचे, एकमेकींना न दाखवता. दोन्ही छापायचे. सरासरी काढायची नाही. सरासरी काढली की दोघींचंही खोटं होतं, असं तू म्हणायचीस.

पंपवालीचा सिनेमा आपण कॉलेजच्या शेवटच्या वर्षी घाटकोपरला बघितला होता. इंग्रजी होता, निम्मं कळलं नाही, पण जे कळायचं ते कळलं. लांबच्या कुठल्याशा ग्रहावर खाणकामगारांची वस्ती. पाणी जमिनीखालून उपसायचं आणि ते पंप सांभाळणारी ही बाई. पाण्यात काहीतरी उतरतंय हे तिच्या लक्षात येतं. कंपनीचे साहेब म्हणतात, पाणी ठीक आहे म्हणून सांग. ती सांगत नाही. सबंध सिनेमाभर ती नाही म्हणते, हातात पाना घेऊन फिरते, नाक मोडून घेते आणि शेवटी पंप बंद करून त्याच्यापुढे मांडी घालून बसते. एकदाही हसत नाही. नाव तिचं काहीतरी लांबलचक होतं, आपण तिला पहिल्या दिवसापासून पंपवालीच म्हटलं.

 बाहेर आल्यावर सँडविचवाल्यापुढे उभी राहून तू म्हणालीस, "बाई पडद्यावर आहे आणि तिला कोणी हस म्हणत नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं."

तुला तर सगळेच म्हणायचे. शाळेत बाई म्हणायच्या, बघायला आलेले म्हणायचे, युनिटमधले सेल्सवाले म्हणायचे. तेच सेल्सवाले पुढे झाकणांचा ट्रे तुझ्यासमोर ठेवून म्हणायचे, मॅडम, चालवून घ्या ना. तू एकेक झाकण ट्यूबलाइटकडे धरून बघायचीस आणि ट्रे परत सरकवायचीस. चालवून घेणं तुला जमलंच नाही. झाकणं चालवून घेतली नाहीस, स्थळं चालवून घेतली नाहीस, आणि मी केलेला शिराही घेतला नाहीस. रवा कच्चा आहे म्हणून माझ्या सासूबाईंसमोर सांगितलंस.

म्हणून यंदा पंपवालीचा संच निघाला म्हटल्यावर तू फोनवर जवळजवळ ओरडलीस. जवळजवळच. खोका आणलास तो ऑफिसच्या पिशवीत लपवून, आणि आपण बसलो.

आता परीक्षण. मूर्ती दीड वीत उंच. बूट सुंदर झालेत, यावर आपलं एकमत होतं. जाड तळ, घोट्याशी वळणाऱ्या पट्ट्या, आणि गुडघ्यावरचं ठिगळ स्टिकर न लावता तुकड्यावरच छापलेलं. पाना तर बघत बसावा असा. पण कमरेचा सांधा ढिला आहे. बाईला बसवली तर बसते, उभी केली की हळूहळू पुढे कलते. तू म्हणालीस, हा डिझाइनचा दोष आहे. मी म्हणाले, जोडताना तू खालची कडी उलटी बसवलीस. आपण पुन्हा उकललं, पुन्हा जोडलं, बाई पुन्हा कलली. तरी मी अजून म्हणते की कडी उलटीच होती, दुसऱ्यांदासुद्धा.

अंगातला कोट कापडाचा आहे. तो मला आवडला आणि तुला आवडला नाही. विटांच्या मूर्तीला कापड म्हणजे उपासाच्या ताटात पोळी, असं तू म्हणालीस. असू दे. कोट छान आहे.

मग शेवटची पिशवी उघडली आणि चेहरा निघाला.

चेहरा म्हणजे एक छापील चकती, डोक्याच्या पुढच्या बाजूला दाबून बसवायची. तू ती तळहातावर घेतलीस आणि तुझा हात तसाच राहिला. नाक सरळ. भुवया कोरलेल्या. गाल गुलाबी. आणि ओठांवर हसू, आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला दारात उभं राहून देतात तसलं. तू चकती ट्यूबलाइटकडे धरलीस, उलटी केलीस, मागची बाजू कोरी होती. मग ती मिसळणाच्या डब्यात टाकलीस आणि झाकण लावलंस. म्हणालीस, दोन गुण. तेही बुटांसाठी.

मी चार देणार होते, आणि नियम मोडून ते तिथेच सांगून टाकलं. मग जे भांडण झालं ते पुढचा आठवडाभर पुरलं. माझं म्हणणं असं की अशा मूर्तींच्या शेल्फवर सगळे बाप्ये. त्यांच्यात एक बाई आली, ती राणी नाही, परी नाही, हातात पाना घेतलेली कामकरी बाई आहे. हसली तर हसली. दगडापेक्षा वीट मऊ. तू म्हणालीस, "मऊ विटेची भिंत उभी राहत नाही. आणि बायकांसाठी कोणी काही केलं की आपण आधी टाळ्या वाजवायच्या, हा नियम कोणी केला?"

मी म्हटलं, एवढंच असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर लावून पुसून टाकू. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी कारखान्यातला नापास ट्रे आहे. त्याने प्लास्टिकच विरघळतं, म्हणालीस. हसूही जाईल आणि बाईही.

नंतर फोनवर पुन्हा तेच. तू म्हणालीस, त्यांना ती बाई आवडलेली नाही, त्यांना तिचा कोट आवडलाय. मी म्हणाले, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस. तू म्हणालीस, मला पगार त्याचाच मिळतो. मी हसले, तू नाही. मग कुकरची शिट्टी झाली, तू म्हणालीस ठेव आता, शनिवारी बघू. शनिवारी तू नव्हतीस.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. माझ्या छातीतली गाठ काढली ना, त्या वर्षीची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात जो येई तो हसत येई. नवरा हसत होता, नणंद हसत होती, नर्सही हसून म्हणाली, काही नाही होत, छोटंसं तर आहे. मला वाटायला लागलं, मी उगाच घाबरते, बहुतेक वेडीच आहे. मग तू आलीस, डबा ठेवलास, फाइल उघडून सगळे रिपोर्ट वाचलेस आणि तुझ्या कपाळाला ती आठी पडली. म्हणालीस, वाईट झालं हे. भीती वाटत असेल ना? आणि मी जी रडले ती पोटभर रडले. त्या सबंध मजल्यावर माझी भीती खरी मानणारी तू एकटी होतीस. त्या आठीला धरून मी त्या दिवसांतून बाहेर आले गं. हे तुला सांगायला इतकी वर्षं मिळाली होती आणि आपण विटांच्या कड्यांवरून भांडत बसलो.

आणि आता ती आठीच पुसली.

तुझ्या युनिटमध्ये शोकसभा झाली, तिथेही गेले होते. मालक म्हणाले, विद्यामॅडम सदैव हसतमुख असायच्या. माझ्यामागे पॅकिंगमधली कोणीतरी बाई खोकली, चांगली दोनदा. मग सेल्सचा तो उंच माणूस उठला आणि मॅडम सगळ्यांना कशा सांभाळून घ्यायच्या ते सांगायला लागला. तू कोणाला सांभाळून घेतलंस ते मला तरी आठवेना. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं तू प्रत्येक शोकसभेतून बाहेर पडताना माझ्या कानात म्हणायचीस. या वेळी कानात म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून मीच मनात म्हटलं आणि मला इतकं एकटं वाटलं की चहा न घेता निघाले.

आपल्या वाचकांचंही तेच. प्रेमाने लिहितात, त्यांना दोष नाही. पण आता सगळ्यांचं मागणं एकच, की पंपवालीला विद्याताईंच्या आठवणीत पाचपैकी पाच द्या. का? तू गेलीस म्हणून कमरेचा सांधा घट्ट झाला? कोणी सुचवलं, निदान सरासरी काढून तीन तरी करा, वाद मिटेल. वाद मला मिटवायचाच नाहीये. तू गेलीस तर गेलीस, वाद मी जाऊ देणार नाही. तो माझ्या हक्काचा आहे.

काल दुपारी एकटीने बसून काम पुरं केलं. स्वतःच वाढपी, स्वतःच जोडणारी. डब्यातून चकती काढली. खूप वाटलं, उलटी बसवावी, कोरी बाजू पुढे. निदान खोटं तरी नसेल. पण कंपनीने पाठवला तसा संच जोडायचा, हा नियम तुझा. मोडला तर आधी तूच ओरडशील. म्हणून हसू तसंच दाबून बसवलं, चारी बाजूंनी फोटो काढले. आता लिहिते. बूट, पाना, ठिगळ उत्तम. कोट, माझ्या मते उत्तम. कंबर ढिली, कारण वादग्रस्त. चेहरा ज्या बाईचा म्हणून विकला आहे तिचा नाही. तिचं नाक मोडलं होतं आणि ते तिने मिळवलेलं होतं, ते सरळ करायचा अधिकार कोणाला नव्हता. विद्याचे गुण दोन. माझे चार होते, चेहऱ्याबद्दल तुझं पटलं म्हणून साडेतीन करते. तीनवर मात्र येणार नाही. बाई शेल्फवर आली हे मला अजून मोठं वाटतं, आणि त्यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला ठाऊक आहे.

परीक्षण इथे संपलं. पण चकती बसवताना अंगठ्याखाली ते हसू आलं आणि मला मुलुंडची भिंत दिसली. मूर्तीचा चेहरा कंपनीचा आहे, तो मी नियमाने सोडला. तुझा चेहरा कुठल्या कंपनीने दिलेला नव्हता. तो का म्हणून चालवून घ्यायचा?

माझ्या फोनमध्ये तुझा एक फोटो होता. आमच्याच टेबलाशी काढलेला. चष्मा कपाळावर चढवलेला, चष्म्याखाली ती आठी, हातात एक तपकिरी तुकडा, आणि तू कॅमेऱ्याकडे बघतेस ती आता काहीतरी लागट बोलणार अशी. मी तो रस्त्यापलीकडच्या दुकानातून मोठा करून घेतला. दुकानदार म्हणाला, चेहरा थोडा सॉफ्ट करू का? मी म्हटलं, हात तर लावून बघ. फ्रेम केली आणि आज सकाळी बस पकडून मुलुंडला गेले.

संजयदादाने दार उघडलं. फ्रेम बघितली आणि त्याचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "रोहिणी, जाऊ दे ना. गेलेल्या माणसाचा चेहरा जरा गोड असला तर बिघडलं कुठे?"

"तिचा असता तर काही बिघडलं नसतं," मी म्हटलं.

वहिनी म्हणाल्या, येणारे-जाणारे काय म्हणतील, रागावलेल्या बाईच्या फोटोला कोणी हार घालतं का. त्या वाईट नाहीत. तू त्यांच्याविषयी काय म्हणायचीस ते मी लिहिणार नाही, पण त्यांनी या दिवसांत सगळ्यांचं केलंय, हे तुलाही मान्य करावं लागेल. मी त्यांना म्हटलं, वहिनी, लोक म्हणू देत, मी दारात बसून उत्तरं देईन. माझा आवाज चढला असावा. दादा म्हणाला, माईंसमोर नको.

तुझ्या माई बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. तू गेल्यापासून तिथेच. सगळे म्हणत होते, माई किती धीराच्या, लेक गेली तरी डोळ्याला पाणी नाही. मलाही तसंच वाटलं होतं. आज लक्षात आलं की त्यांची खुर्ची भिंतीकडे पाठ करून ठेवलेली आहे.

त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे, बघू."

मी फ्रेम त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. बोटाने काचेवरून तुझ्या कपाळापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"कोणावर चिडलीय ही?"

"माझ्यावर," मी म्हटलं. "मी तिला हस म्हणत होते."

 माई दादाला म्हणाल्या, "त्या भिंतीवरच्या बाईला रोज हात जोडते रे. कोण आहे ती मला माहीत नाही. काढ तिला."

 समई खाली ठेवून दादा स्टुलावर चढला आणि त्याने मोतिया साडीवाली खाली उतरवली. वहिनींनी न सांगता हार सोडवून ठेवला. मी तुला खिळ्यावर लावलं. जरा तिरकी लागली होतीस, ते दादाने सरळ केलं. मग आम्ही माईंची खुर्ची उचलून भिंतीकडे वळवली.

त्या तुझ्याकडे बघत राहिल्या. ओठ हलायला लागले. मला वाटलं, काही देवाचं म्हणतायत.

"आठ्या घालू नकोस गं कपाळाला," माई तुला म्हणाल्या, "किती वेळा सांगायचं."

आणि मग त्या रडल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, दादाचा हात धरून. आम्ही कोणी त्यांना गप्प केलं नाही.